बोनेटवर खडी उडाली: आधी नख फिरवा, मग रंगाचं बोला

प्रश्न असा आलाय. सिल्व्हर रंगाची पेट्रोल हॅचबॅक, येत्या नोव्हेंबरात तीन वर्षांची होईल. मालक रोज कोल्हापूर-कराड ये-जा करतात. तीन आठवड्यांपूर्वी किणी टोलनाक्याजवळ पुढच्या डंपरमधून खडी सांडली आणि गाडी त्यातूनच गेली. बोनेटवर आठ-दहा टवके, बोनेटच्या पुढच्या भागात एक पोचा, बंपरवर ओरखडे, समोरच्या काचेवर डावीकडं खाली एक बारीक चांदणी. गॅरेजवाला म्हणतो, बोनेट आणि बंपर दोन्ही पूर्ण रंगवा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, विम्याचा क्लेम टाका. मित्र म्हणतो, ऑनलाइन टच-अप पेन मागव आणि विसरून जा. गणपतीला कोकणात जायच्या आत हे सगळं उरकायचंय, तर नक्की काय करू?

मी सव्वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. उमेदवारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली, आता हायवेच्या कडेला स्वतःचं शेड आहे. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यापासून खडीचा मार खाल्लेल्या गाड्या माझ्याकडं रोजच्या झाल्यात, त्यामुळं तुमची गाडी न बघताही बरंचसं डोळ्यांसमोर येतंय.

तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. गॅरेजवाल्याचा धंदा पॅनलवर चालतो, म्हणून त्याला पॅनल दिसतं. सर्व्हिस सेंटरला क्लेम सोपा जातो, कारण गिऱ्हाईक बिलावरनं भांडत नाही. आणि मित्राला पेन स्वस्त दिसतो. पण तिघांनी गाडीला एकच दुखणं आहे असं धरलंय. बोनेट लोखंडी पत्र्याचं, बंपर प्लास्टिकचा आणि काच ती काच. मारणारी खडी एकच होती म्हणून औषध एकच होत नाही.

त्यामुळं रंगवायचं की नाही हे मी शेवटी ठरवतो. आधी बघतो ते हे, की पत्रा कुठं उघडा पडलाय आणि किती दिवसांपासून. उघडा पत्रा लवकरात लवकर झाकायचा आणि ते करताना कंपनीचा मूळ रंग जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवायचा, ही माझी कामाची पद्धत. ती का, ते सांगतो.

कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो तेव्हा तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं पहिला थर चढवतात. मग तो १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजतात. तेव्हा गाडीत ना वायर असते, ना रबर, ना सीट. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांएवढी. आम्ही गॅरेजमध्ये पूर्ण तयार गाडीवर काम करतो. रंगकामाच्या चांगल्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्येसुद्धा ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं, नाहीतर प्लास्टिक वाकडं होईल. मी कितीही जीव ओतून रंग मारला तरी भट्टीतला तो पहिला थर माझ्याच्यानं परत येत नाही. गावाकडं शेणानं सारवलेल्या जमिनीवर फरशी बसवता येते, पण फरशी उखडून पुन्हा तसं सारवण जमत नाही, तसलाच प्रकार.

आता गाडी घेऊन सावलीत या आणि दोन गोष्टी करून बघा. बोनेट धुऊन पुसून घ्या. प्रत्येक टवक्यावरून आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर इजा वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे. मग त्यावर पाण्याचा थेंब टाका. ओलं असताना खूण दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर ते रबिंग-पॉलिशचं काम. नख अडकलं, तर मोबाईलचा टॉर्च तिरका धरून आतला रंग बघा. करडा किंवा पांढरट दिसला तर प्रायमरपर्यंत गेलंय, पत्रा अजून झाकलेला आहे. चकचकीत धातू दिसला किंवा तपकिरी ठिपका दिसला, तर पत्रा उघडा आहे. प्रत्येक टवक्याशेजारी मास्किंग टेपचा बारका तुकडा लावून त्यावर पेनानं 'क्लिअर', 'प्रायमर', 'पत्रा' असं लिहा. माझ्याकडं पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक हे बघून हसतं. पण दहा टवक्यांपैकी पत्र्यापर्यंत गेलेले तीन-चारच निघतात, हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं की पूर्ण बोनेट रंगवायचा आग्रह बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथं बसून सांगता येणार नाहीत. गाडी रात्री उघड्यावर असते की शेडमध्ये? अजून सात-आठ वर्षं वापरणार की पुढच्या वर्षी बदलणार? तुमचं कोकणातलं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे की समुद्राजवळ? खारी हवा आणि उघडा पत्रा यांचं फार लवकर जमतं. पुढं जे लिहितोय ते गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची आहे असं धरून.

टवक्यांपासून सुरू करतो, कारण तुमच्या गाडीवर सगळ्यात घाईचं तेच आहे आणि लोक सगळ्यात जास्त बिघडवतात तेही तेच. मित्रानं सांगितलेला टच-अप पेन वाईट नाही, पण तो वापरायची पद्धत वाईट असते. दुकानातनं आणला, बाटलीचा ब्रश बुडवला आणि टवक्यावर टेकवला, की झाली टिकली तयार. लांबून बघितलं तर बोनेटला कांजिण्या आल्यासारखं दिसतं. आणि खाली गंज असेल तर तो टिकलीच्या पांघरुणाखाली निवांत वाढत राहतो.

मी काय करतो ते सांगतो. गाडीचा रंग-कोड दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो, तो बघून रंग घ्यायचा. 'सिल्व्हर' म्हणून मागू नका. एकट्या मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचाच कोड झेड-टू-एस असा वेगळा आहे, आणि शेजारी ठेवला तर दुसऱ्या कंपनीचा सिल्व्हर त्याच्यापुढं हिरवट नाहीतर निळसर दिसतो. दोन बाटल्या लागतात, एक रंगाची आणि एक क्लिअरची. सिल्व्हरच्या बाटलीत ॲल्युमिनियमचा बारीक चुरा असतो, तो तळाशी बसतो. त्यामुळं बाटली दोन मिनिटं तरी खडखडून हलवायची. न हलवता लावलात तर सिल्व्हरऐवजी राखाडी ठिपका मिळेल.

पत्र्यापर्यंत गेलेल्या टवक्याची आधी कड बघा. रंगाचा सुटू पाहणारा पापुद्रा टोकदार टूथपिकनं उचलून काढा. तो राहिला तर वरचं सगळं काम त्याच्यासकट उडतं. मग ४०० नंबरचा घासायचा पेपर बारीक गुंडाळून पेन्सिलच्या टोकाएवढा करा आणि टवक्याच्या आतच फिरवा, बाहेर नाही. तपकिरी डाग राहिला तर गंज बदलणारं द्रावण थेंबभर लावा. डाग काळसर होतो, तेवढा वेळ थांबा आणि बाटलीवर लिहिलं असेल तसं पुसून किंवा धुऊन घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेलकटपणा काढा. बोनेटवर कधी वॅक्स किंवा पॉलिश मारलेलं असेल तर हे न चुकता करा. त्यानंतर प्रायमरचा थेंब. हाही टूथपिकच्या टोकानं, टवक्याच्या मध्यात टेकवायचा आणि त्याचा तो पसरू द्यायचा. वाळला की रंग, पातळ, दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी वाळवून. शेवटी क्लिअर, बाजूच्या रंगापेक्षा किंचित वर येईल इतका. मग आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. आठवड्यानं खोडरबराच्या तुकड्याला २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, पाण्याखाली हलक्या हातानं वर आलेला भाग समपातळीत आणायचा आणि कंपाउंडनं घासायचा.

एका टवक्याला प्रत्यक्ष हाताचं काम दहा मिनिटांचं, बाकी सगळी वाट बघायची. ती वाट बघायची नसते म्हणूनच हे काम गॅरेजमध्ये कुणी करत नाही. जवळनं बघितलं तर टवका दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. हातभर अंतरावरून दिसणार नाही, आणि गंज लागणार नाही. प्रायमरपर्यंतच गेलेल्या टवक्यांना हीच पद्धत, फक्त घासणं आणि गंजाचं द्रावण नको.

गंजाबद्दल मी एवढा हळवा का, त्याला कारण आहे. उमेदवारीच्या काळात भुदरगडाकडची एक जीप आली होती. बोनेटच्या पुढच्या कडेला गंजाचे फोड. मी वरवर घासलं, खड्डे भरायची पुटी मारली, पेपर मारला, रंग मारला. आरशासारखं दिसत होतं. मिस्त्री गावाला गेले होते, त्यांना दाखवायला मिळालं नाही याचंच वाईट वाटलं. पावसाळा संपल्यावर जीपचे मालक आले. रागावले नाहीत. नुसता बोनेटच्या कडेवर अंगठा दाबला. कर्र आवाज झाला आणि पापड मोडावा तसा रंग आत गेला, खाली लाल भुगा. मिस्त्रींनी ती कड मला हातानं खरवडायला लावली, ग्राइंडर दिला नाही. दुपारभर खरवडत होतो. गंज बाहेर जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट रंगाखाली पसरलेला असतो, हे मी बोटांनी शिकलो.

आता पूर्ण बोनेट रंगवायचा विचार. सिल्व्हर हा माझ्या मते सगळ्यात छळणारा रंग. कोड बरोबर असला, रंग मशीनवर मिसळला, तरी त्यातला चुरा फवारताना कसा बसतो यावर छटा ठरते. गन जरा लांब धरली, रंग जरा सुका पडला, की उजळ दिसतो. ओला पडला की गडद. म्हणून चांगला पेंटर नुसतं बोनेट रंगवून थांबत नाही. दोन्ही फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांवर, रंगाची छटा विरवत नेतो आणि त्यांच्यावर पूर्ण क्लिअर मारतो. म्हणजे आठ टवक्यांसाठी तीन पॅनलच्या मूळ रंगाला हात लागला. आणि तसं न करता नुसतं बोनेट रंगवलं, तर पेट्रोल पंपाच्या ट्यूबलाइटखाली उभी केली की गाडी दोन गाड्या जोडून केल्यासारखी दिसते. पुढं विकायला काढलीत तर घेणारा जाडी मोजायचं यंत्र लावणार. ते २०० मायक्रॉनच्या वर गेलं की तो 'ॲक्सिडेंट झाला होता का?' विचारणार. तुम्ही खडीची गोष्ट सांगाल, तो मान हलवेल आणि भाव पाडेल.

तरी पूर्ण बोनेट रंगवणं योग्य ठरतं अशी वेळ असते. टवके पन्नास-साठ असले, बोनेट सँडपेपर मारल्यासारखं खरबरीत झालं, किंवा गंज रंगाखाली शिरून फोड आले, तर टूथपिक घेऊन बसण्यात अर्थ नाही. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर रोज धावणाऱ्या काही गाड्या मी त्या अवस्थेत बघितल्यात. तुमची तशी वाटत नाही.

पोचा. बोनेटचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा, त्यामुळं ताशी ८० वर खडी बसली की पोचा पडणारच. वेग ६० वरून ८० झाला की माराचा जोर पावणेदोन पट होतो, ही शाळेतली गोष्ट माझ्या शेडमध्ये रोज बघायला मिळते. पोच्याच्या तळाशी रंग शाबूत असेल आणि कड धारदार नसेल, तर बिनरंगाचं डेंट काम होतं. आतून लांब सळईनं, किंवा बाहेरून गोंदाचं बटण चिकटवून ओढत, पत्रा हळूहळू जागेवर आणतात. पुटी नाही, रंग नाही. फक्त बोनेटच्या आत मजबुतीसाठी दुसरा पत्रा असतो आणि पुढच्या भागात तो बाहेरच्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेला असतो. तिथं सळई जायला वाट मिळेलच असं नाही. कारागीर बोनेट उघडून आतून बोट घालून बघेल आणि मगच सांगेल. न बघता 'होऊन जाईल' म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नका. पोच्यात रंग फुटलाच असेल, तर आधी पोचा काढायचा आणि मग वर सांगितलेलं टवक्याचं काम करायचं. उलट क्रमानं केलं तर नवा रंग ओढताना परत फुटतो.

पोचा नखाएवढाच असेल तर तो तसाच ठेवा, असंही मी बऱ्याच जणांना सांगतो. पुटी भरून सपाट करायची तर त्याच्याभोवती वीतभर रंग उतरवावा लागतो, आणि मग परत तेच बोनेट-फेंडरचं रामायण. कुणी पुटी मारणारच असेल तर दोन गोष्टी विचारा. ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड जाणार नाही ना? आणि ती कोरडीच घासणार ना? पॉलिएस्टर पुटी पाणी शोषते. पाणी मारून घासलेल्या पुटीतली ओल नंतर फोड होऊन वर येते. आमच्या पावसाळ्यात तर हमखास.

बंपरची मात्र काळजी सोडा. प्लास्टिकला गंज लागत नाही. वरवरचे ओरखडे रबिंगनं जातील, खोल आहेत ते राहू देत. बंपर हा गाडीचा असा भाग आहे की आज रंगवला तर दिवाळीनंतर गळीत हंगामात परत खरचटणार. ऊस भरलेल्या डबल ट्रॉल्या आणि त्यांच्या मागं लागलेली गर्दी तुम्ही कराड रस्त्यावर दरवर्षी बघताच. रंगवायचाच झाला तर हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये रंगवा. आणि पेंटरला विचारा, प्लास्टिक प्रायमर लावणार का? बंपर बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचा असतो, त्याला रंग आपणहून धरत नाही. उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर ते प्रायमर टाळलं तर प्रेशरनं धुताना रंग सालीसारखा निघतो.

काचेचं काम मात्र पुढं ढकलू नका. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, त्यामुळं बाहेरच्या काचेतली बारीक चांदणी रेझिन भरून थांबवता येते. मागची आणि दारांची काच वेगळ्या पद्धतीची असते, ती फुटली की चुराच होतो, तिला दुरुस्ती नाही. तुमची चांदणी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, काचेच्या अगदी कडेला नसेल आणि ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेत नसेल, तर दुरुस्तीला चांगली आहे. डावीकडं खाली म्हणताय म्हणजे नजरेचा प्रश्न नाही, कडेपासून किती लांब आहे ते बघा. रेझिन आत जायचं तर आत माती आणि पाणी नको, आणि तुम्ही तीन आठवडे पावसात गाडी चालवताय. आजच काच पुसून, वाळवून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. बाहेर उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत थेट सोडू नका. घाटात खड्ड्यात गाडी आदळली की चांदणीचा एक पाय सरकतो, आणि मग पूर्ण काच बदलण्यावाचून पर्याय राहत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण एक गोष्ट बघाच. बोनेटवर एवढी खडी आली तर जाळीतूनही आत गेली असणार. जाळीमागं सगळ्यात पुढं एसीचा कंडेन्सर असतो, पातळ ॲल्युमिनियमच्या पात्यांचा. टॉर्च मारून बघा. नुसती पाती वाकली असतील तर चालेल. पण कुठं तेलकट ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तिथून गॅस गळतोय. एसी आत्ता गार वाटतोय म्हणून थांबू नका. पावसाळ्यात गळती लक्षात येत नाही, मार्चमध्ये येते, आणि तोवर ती खडीनं झाली हे तुम्हाला कुणाला पटवता येणार नाही.

आता क्लेम. हा हिशेब कुणी करून दाखवत नाही, म्हणून जरा बैजवार मांडतो. गाडीचं हे तिसरं वर्ष, आतापर्यंत क्लेम नसेल तर सध्या तुम्हाला २५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, चालू असेल. क्लेम न करता गेलात तर पुढच्या नूतनीकरणाला ३५, मग ४५, मग ५० आणि पुढं ५० वरच. आत्ता क्लेम केलात तर पुढच्या वेळी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. दोन्ही ओळी शेजारी लिहून वजाबाकी करा. ३५, २५, २५, १५ आणि ५. बेरीज १०५. म्हणजे तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो प्रीमियम आहे, तो बोनस वजा करण्याआधी जेवढा होतो, साधारण तेवढी रक्कम पाच वर्षांत विभागून तुमच्या खिशातून जाते. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळं थोडी कमी धरा.

दुसरी बाजू. समजा तो प्रीमियम ६,००० रुपये आहे आणि रंगाचं बिल १२,००० झालं. साध्या पॉलिसीत रंगकामाच्या बिलाचा चौथा भाग मटेरिअलचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात ९,५००, बोनसमध्ये गेले सहा हजारांच्या आसपास. क्लेम परवडला. पण बिल ६,००० चंच असेल तर ७५० आणि १,००० जाऊन ४,२५० मिळतील, आणि गमवाल सहा हजार. घसारा माफ करणारी झिरो डेप जोडणी घेतली असेल तर घसारा जाणार नाही, बोनस वाचवणारी जोडणी घेतली असेल तर सगळा हिशेबच बदलेल. पॉलिसी उघडून तेवढं बघा. काच पूर्ण बदलावी लागली तर काचेवर घसारा लागत नाही, पण बंपर बदलला तर प्लास्टिक म्हणून ५० टक्के लागतो. आणि नुकसान झाल्याबरोबर कळवायचं असतं. तीन आठवडे झालेत, विमा कंपनीचा सर्व्हेअर टवक्यातला तपकिरी रंग बघून प्रश्न विचारेल.

टवके टूथपिकनं, बंपर तसाच आणि चांदणी रेझिननं, असं काम केलंत तर क्लेमचा विषयच उरत नाही. कंडेन्सर गेला असेल किंवा काच बदलायची वेळ आली, तर तो विषय परत काढा.

एक आडवाट. टवके मोजताना बोनेटवर, छतावर बारीक नारिंगी ठिपके दिसले तर ते लगेच गंज समजू नका. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं फाउंड्रीच्या आसपास गाडी उभी राहिली की लोखंडाचे कण रंगावर बसतात आणि पावसात तेच गंजतात. पत्रा ठीक असतो. नख फिरवलं की ठिपका खड्ड्यासारखा न लागता उंचवट्यासारखा लागतो, हीच ओळख. लोखंडाचे कण काढायचं फवारणीचं द्रावण मिळतं, ते मारल्यावर जांभळं होऊन ओघळतं. नाहीतर क्ले बारनं, म्हणजे कण उचलून घेणाऱ्या मऊ वडीनं, भरपूर पाणी घेऊन. पांढऱ्या गाडीचे एक मालक याच ठिपक्यांसाठी छत रंगवायला आले होते. अर्ध्या तासात धुऊन दिली, रंगाचे पैसे घ्यायचे कशाचे?

राहिला गणपतीचा प्रश्न. हवेत ओल असताना रंगकाम बिघडतं. पटकन उडणारा थिनर हवेतली वाफ ओढून घेतो आणि रंगावर दुधी सावट येतं. पक्क्या क्लिअरमध्ये तो कडक व्हावा म्हणून घालतात त्या हार्डनरचंही ओलीशी जमत नाही. ज्याच्याकडं बंद बूथ आणि हीटर आहे त्याला हे सांभाळता येतं, उघड्या शेडमध्ये नाही. माझं शेड उघडं आहे, म्हणून जून ते सप्टेंबर मोठं रंगकाम मी शक्यतो घेतच नाही. गॅरेजवाला तुम्हाला चार दिवसांत बोनेट-बंपर देतो म्हणाला असेल तर बूथ दाखव म्हणा. आणि त्याचा पेंटर तोंडाला नुसता रुमाल बांधून गन मारत असेल तर त्या पोरासाठी दोन शब्द बोला. हार्डनरची वाफ फुप्फुसाला भारी पडते, रुमालाला ती जुमानत नाही.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा धरा. काचेला आज चिकटपट्टी, दोन-चार दिवसांत रेझिन. एखादा दिवस पाऊस उघडला की बोनेट दुपारपर्यंत सावलीत वाळवून, पत्रा उघडा पडलेल्या तीन-चार टवक्यांना गंजाचं द्रावण, प्रायमर आणि रंग. वेळ कमी पडला तर रंग राहू दे, पण प्रायमरशिवाय कोकणात जाऊ नका. क्लिअर आणि पेपर परत आल्यावर, दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की करू. पोचा तोवर आहे तिथं राहील, त्याला घाई नाही. मात्र गगनबावड्यानं उतरणार असाल तर निघण्याआधी चिकटपट्टीचा एक तुकडा पाकिटात ठेवा. करूळच्या पावसात काचेवरची पट्टी सुटली, तर वैभववाडीला थांबून काच पुसायची आणि लगेच दुसरी लावायची.